रस्ता आणि ट्रॅक डे, दोन्हींसाठी मोटरसायकलचे टायर : सोलापूरच्या रायडरांचे नेहमीचे प्रश्न

ही उत्तरे आर१५, ड्यूक आणि आरसी ३९०, अपाचे आरआर ३१०, निन्जा अशा १७ इंची चाकांच्या गाड्यांसाठी आहेत. गाडी रोज सोलापुरात पळणार आणि वर्षातून कधीतरी ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवण्याच्या दिवशी, ट्रॅकवर जाणार, असे धरले आहे. मोठ्या गाड्यांना तत्त्वे तीच लागू होतात, हवेचे आकडे मात्र बदलतात.

वर्षातून एक-दोनच ट्रॅक डे होतील. ट्रॅकसाठी खास टायर घ्यावा का?

घेऊ नये. चांगल्या अवस्थेतला, योग्य हवा असलेला रस्त्याचा स्पोर्ट टायर पहिल्या कित्येक ट्रॅक डेंना पुरून उरतो. नवख्या रायडरची मर्यादा टायरच्या मर्यादेच्या बरीच अलीकडे असते. तिथे घसरणारे बहुतेक जण ब्रेक उशिरा आणि झटक्याने दाबल्यामुळे, थंड टायरवर पहिल्याच लॅपला (फेरीला) घाई केल्यामुळे किंवा गाडी झुकलेली असताना एकदम थ्रॉटल उघडल्यामुळे घसरतात. यातली एकही चूक महागड्या टायरने सुधारत नाही.

वर्षाला चार-पाच ट्रॅक डे होऊ लागले आणि लॅप टाइम टायरपाशी येऊन अडकला, की मग दुसऱ्या जोडीचा विचार करा. त्याआधी तोच पैसा लेदर सूट, बूट आणि ब्रेक पॅडवर घाला.

टायरचे प्रकार नेमके कोणते आणि आपल्याला कोणता बसतो?

ढोबळमानाने चार. स्पोर्ट टूरिंग (उदाहरणार्थ मिशेलिन रोड ५) जास्त किलोमीटर देतो, ओल्यात भरवशाचा असतो आणि थंडीतही लवकर पकड धरतो. स्पोर्ट (पिरेली डायब्लो रोसो, अपोलो अल्फा एच१, टीव्हीएस युरोग्रिप प्रोटॉर्क एक्स्ट्रीम या जातीचे) कडेला मऊ, वळणात चपळ आणि रोजच्या वापरालाही चालणारा. तिसरा, रस्त्यावर चालवायची परवानगी असलेला पण ट्रॅककडे झुकलेला, म्हणजे पिरेली सुपरकोर्सा एसपीसारखा. त्याच्या खाचा मोजक्या आणि कडेला जवळजवळ नसतातच. चौथा स्लिक, म्हणजे बिनखाचांचा, तो फक्त ट्रॅकचा. रस्त्यावर तो बेकायदा आहे आणि पुरेसा तापतही नसल्याने धोक्याचा आहे.

सोलापुरातून अधूनमधून ट्रॅकवर जाणाऱ्यासाठी आमचे मत स्पष्ट आहे: दुसरा प्रकार, स्पोर्ट. लांबच्या पल्ल्याची फिरस्ती जास्त आणि ट्रॅक वर्षातून एकदाच असेल, तर स्पोर्ट टूरिंगही बिनधास्त घ्या. २०२० पासूनची आरआर ३१० कंपनीतून रोड ५ वर आलेली आहे आणि त्या टायरवर पहिला ट्रॅक डे करायला काहीच हरकत नाही.

सोलापूरच्या रस्त्यांचा टायर निवडण्याशी काय संबंध?

फार मोठा. सोलापूर–पुणे घ्या, सोलापूर–हैदराबाद घ्या नाहीतर विजापूर रोड घ्या. मोहोळ, टेंभुर्णी किंवा नळदुर्गपर्यंत गाडी जवळजवळ सरळच पळते. अशा चालण्याने मागच्या टायरचा मधला पट्टा आधी घासतो आणि टायर चौकोनी होतो. चौकोनी टायर सरळ जाताना काही सांगत नाही. वळणात झुकताना मात्र गाडी आधी अडते आणि मग त्या सपाट पट्ट्याच्या कडेवरून एकदम खाली पडल्यासारखी झुकते. ट्रॅकवर हेच सर्वात जास्त दगा देते. म्हणून मागच्यासाठी मध्ये कडक आणि कडेला मऊ रबर असलेला, म्हणजे ड्युअल कंपाउंड टायर तुमच्या मापात मिळतो का, ते आधी विचारा. एकाच नावाचा टायर मोठ्या मापात ड्युअल आणि छोट्या मापात सिंगल कंपाउंड असू शकतो, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका.

दुसरी गोष्ट ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला की डांबर त्याहून कितीतरी जास्त तापलेले असते. मऊ रबर त्यावर लवकर झिजते. सुपरकोर्सासारखा टायर उन्हाळाभर हायवेवर पळवणे म्हणजे ट्रॅकसाठीचे रबर मोहोळच्या रस्त्यावर उगाळून टाकणे.

तिसरी, गाळप हंगाम. साधारण नोव्हेंबरपासून कारखान्यांच्या वाटांवर ट्रॉल्यांतून पडलेला, चाकाखाली चिरडलेला ऊस आणि चिखल असतो. त्यावरून कुठलाच टायर धरत नाही, तिथे वेग कमी करणे एवढाच उपाय. पावसात शेतातून रस्त्यावर आलेल्या काळ्या मातीचेही तसेच: ती खाचांत घट्ट बसते आणि टायर काही वेळ गुळगुळीतच होऊन जातो. अशा वाटेने रोज जाणाऱ्याने कमी खाचांचा टायर घेऊच नये.

साइडवॉलवर १५०/६० आर १७ ६६ एच असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ काय?

१५० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६० म्हणजे उंची रुंदीच्या ६० टक्के, आर म्हणजे रेडियल (आतले धागे आडवे असलेला टायर), १७ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. ६६ हा भार निर्देशांक: ३०० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची मर्यादा. पी म्हणजे १५०, एस १८०, व्ही २४०, डब्ल्यू २७०. भार आणि वेग हे दोन्ही कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी कधीही घेऊ नका. ट्रॅकवर न्यायची गाडी असेल तर पी रेटिंगचा स्वस्त टायर सरळ नाकारा, भले तुमची गाडी १५० च्या वर जात नसो. वेगमर्यादा ही टायर किती उष्णता सोसतो याचीही खूण आहे.

मागे थोडा रुंद टायर बसवला तर पकड वाढेल ना?

बहुतेक वेळा उलटेच होते. ३९० च्या मागच्या रिमची रुंदी ४ इंच आहे. १५०/६० त्यावर नीट बसतो. १६०/६० ला साधारण सव्वाचार ते पाच इंची रिम लागते, साडेचार उत्तम. तो ४ इंची रिमवर ओढून बसवला की कडा आत खेचल्या जातात, माथा टोकदार होतो, सरळ चालताना मध्ये रबर कमी टेकते आणि झुकण्याची गती बदलते. शिवाय टायर चेनला किंवा स्विंगआर्मला (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याला) घासू शकतो. रुंद टायर दिसायला भारी दिसतो, हे मान्य. पण गाडी वळायला जड होते आणि ट्रॅकवर ते पहिल्याच सत्रात जाणवते.

रेडियल आणि साधा टायर एकत्र चालतो का?

कंपनीने तशी जोडी दिली असेल तर चालतो. आर१५ व्ही४ ला पुढे बायस (तिरक्या धाग्यांचा साधा टायर) आणि मागे रेडियल असतो, ती जोडी त्या गाडीवर तपासलेली आहे. स्वतःच्या मनाने जोड्या जमवू नका आणि पुढे रेडियल, मागे बायस असे तर कधीच करू नका. ट्रॅकचा बेत असेल तर दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच मालिकेचे घेतलेले बरे.

दुकानात टायर घेताना काय तपासायचे?

आधी तारीख. साइडवॉलवर डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात: २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. काही टायरांवर हे आकडे एकाच बाजूला असतात, म्हणून दोन्ही बाजू पाहा. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षभरापर्यंतचा चालेल. सोलापुरात हे जास्त महत्त्वाचे, कारण पत्र्याच्या गोदामात उन्हाळा काढलेला टायर तारखेपेक्षा म्हातारा होतो. खाचांच्या तळाशी वाकवून बघा: केसासारख्या भेगा दिसल्या तर तो टायर परत ठेवायला सांगा.

बसवताना चार गोष्टींचा आग्रह धरा. टायर मशीनवर चढवायचा, पहारीने नाही. अलॉयची कड एकदा चेपली की हवा कायम झिरपत राहते. फिरण्याच्या दिशेचा बाण जुळला पाहिजे. रबरी व्हॉल्व्ह नवीनच टाकायचा, तो स्वस्त असतो आणि ट्रॅकच्या वेगाला जुना व्हॉल्व्ह मुळाशी तडकतो. आणि दोन्ही चाकांचे बॅलन्सिंग करून घ्यायचे. टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती हलकी बाजू असते, ती व्हॉल्व्हपाशी आणतात. टायर बसल्यावर रिमच्या कडेलगतची बारीक रेषा सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका ठिकाणी ती आत बुडालेली असेल तर बीड (रिमला घट्ट धरणारी टायरची कड) नीट बसलेला नाही; हवा काढून, साबणपाणी लावून पुन्हा बसवायला लावा.

चाक काढले म्हणजे चेनचा ताण बदलला. निघण्यापूर्वी ताण आणि अ‍ॅक्सलचा टॉर्क (नट आवळण्याचा जोर) मॅन्युअलप्रमाणे बघून घ्या.

रोजच्या वापराला हवा किती आणि कधी भरायची?

मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असेल तेवढी. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना एकट्यासाठी पुढे २८-२९ आणि मागे २९ ते ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) असते. हवा सकाळी, गाडी न चालवता मोजायची.

उन्हाळ्यात इथेच सगळे फसतात. सकाळी २५ अंशांना २९ पीएसआय भरलेला टायर दुपारी ४३ अंशांना नुसता सावलीत उभा असला तरी साधारण साडेएकतीस दाखवतो. दर १० अंशांना सुमारे दीड पीएसआय असा हिशेब. ‘जास्त झाली’ म्हणून दुपारी हवा काढली की दुसऱ्या दिवशी पहाटे टायरमध्ये साडेसव्वीसच उरते. कमी हवेचा टायर जास्त लवचतो, जास्त तापतो आणि कडेने झिजतो. तेव्हा दुपारी वाढलेल्या हवेला हात लावू नका.

नायट्रोजन भरल्याने हे टळत नाही. तोही वायूच आहे आणि तापला की तेवढाच फुगतो. फायदा इतकाच की तो कोरडा असतो. पेट्रोल पंपावरच्या गेजवरही विसंबू नका. स्वतःचे डिजिटल गेज घ्या आणि नेहमी तेच वापरा.

ट्रॅकवर हवा किती ठेवायची?

ट्रॅकवर टायर रस्त्यापेक्षा खूप जास्त तापतो, म्हणून सुरुवात कमी हवेवर करतात. टायर कंपनीने त्या मॉडेलसाठी ट्रॅकचा आकडा दिला असेल तर तोच घ्या. नसेल तर अशी पद्धत:

१. सकाळी थंड टायरमध्ये एकट्याच्या रस्त्याच्या आकड्यापेक्षा २ पीएसआय कमी ठेवा. २९ असेल तर २७.
२. पहिले दोन लॅप सावकाश, मग तीन-चार लॅप नेहमीच्या वेगाने.
३. पिटमध्ये (ट्रॅकलगत गाड्या थांबवायच्या जागी) आल्याआल्या, हेल्मेट काढण्याआधी, दोन्ही टायरची हवा मोजून लिहून ठेवा. दहा मिनिटांनी घेतलेला आकडा उपयोगाचा नाही.
४. वाढ ४ ते ६ पीएसआय असेल तर ठीक. ७ च्या वर गेली तर टायर जास्त लवचून तापतोय, म्हणजे सुरुवातीची हवा कमी होती: १ ते २ वाढवा. ३ च्या आत असेल तर एकतर वेग कमी आहे किंवा हवा जास्त आहे: १ ने कमी करून पुन्हा बघा.
५. थंड टायरमध्ये २४ च्या खाली जाऊ नका.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे आणि चेन्नई, जिथल्या ट्रॅकवर आपण जातो, समुद्राकाठी. नुसत्या या उंचीच्या फरकाने चेन्नईत गेज पाऊण पीएसआयने कमी दाखवते. घरून हवा ‘सेट करून’ नेण्यात अर्थ नाही, तिथे पोचल्यावर पहाटे मोजा. आणि संध्याकाळी गाडी पुन्हा रस्त्यावर काढण्याआधी हवा भरून घ्या. ट्रॅकच्या हवेवर खड्ड्यात चाक आपटले की रिम वाकते.

टायरकडे बघून काय कळते?

बरेच काही. सत्र संपले की कडेचे रबर जवळून बघा. बारीक सँडपेपरसारखा, सगळीकडे सारखा खरखरीत पृष्ठभाग असेल तर हवा आणि वेग दोन्ही जुळले आहेत. कडेला रबराच्या छोट्या गोळ्या चिकटलेल्या असतील तर घाबरू नका, त्यातल्या निम्म्या ट्रॅकवर पडलेल्या दुसऱ्यांच्या टायरच्या असतात. रबर ओरबाडल्यासारखे फाटले असेल आणि फाटीची कड वर उचललेली, खोल असेल तर टायर आतून तापलेला नसताना त्यावर जोर पडला आहे: हवा जास्त आहे किंवा सावकाश लॅप कमी झाले. कड निळसर, तेलकट दिसू लागली तर टायर प्रमाणाबाहेर तापतोय. सत्र लवकर संपवा आणि हवा तपासा.

फक्त मागचाच टायर फाटत असेल तर मागचे सस्पेन्शनही बघा. सारखे डबलसीट चालवून प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) कडक ठेवलेला असतो आणि ट्रॅकवर एकट्यासाठी तो कमी करायचा राहून जातो.

टायर वॉर्मर लागतात का?

स्पोर्ट टायरला नाही. दोन सावकाश लॅप पुरतात. वॉर्मर, म्हणजे ट्रॅकवर उतरण्याआधी टायर तापवणारी विजेची पांघरुणे, स्लिक आणि रेस टायरसाठी असतात. गाडी डावी-उजवी हलवून टायर तापत नाही. सरळ रेषेत हळूहळू वाढवत नेलेले ब्रेकिंग आणि थ्रॉटल यांनी तापतो.

नवा टायर ट्रॅक डेच्या आदल्या दिवशी टाकला तर?

टाकू नका. नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो, तो घासायला १०० ते १५० किलोमीटर सांभाळून चालवावे लागते. शिवाय बसवताना लावलेले साबणपाणी बीडवर ओले असेल तर जोरात ब्रेक लावल्यावर टायर रिमवर सरकतो आणि बॅलन्सिंग बिघडते. टायर बसवल्यावर साइडवॉल आणि रिम यांच्यावर मिळून एक उभी रेघ खडूने किंवा पेंटने ओढा. पहिल्या सत्रानंतर रेघ तुटलेली दिसली तर टायर सरकला आहे. ट्रॅकच्या निदान पंधरा दिवस आधी टायर बसवून घेतला की हे सगळे प्रश्न मिटतात.

पंक्चर काढलेला टायर ट्रॅकवर चालतो का?

आमचे उत्तर ठाम नाही असेच आहे, आणि अनेक ठिकाणी ट्रॅकवर उतरण्याआधीच्या तपासणीतही तो नाकारतात. बाभळीच्या काट्यांमुळे आपल्याकडे पंक्चर काही टळत नाही. मधल्या भागातले, ६ मिलिमीटरपर्यंतचे भोक आतून मशरूम प्लग लावून बुजवले तर रस्त्यासाठी टायर चालतो. रस्त्याकडेला बाहेरून भोकात खुपसलेली रबरी दोरी ही घरी पोचण्यापुरती: ८० च्या आत चालवा आणि नंतर टायर उघडून आतून बघून घ्या, विशेषतः कमी हवेवर चालला असेल तर. साइडवॉलचे किंवा कडेचे पंक्चर काढतच नाहीत, टायर बदलतात.

ट्रॅकवर त्याच प्लगवर झुकलेल्या अवस्थेत उष्णता, ताण आणि वेग हे तिन्ही एकदम येतात. पंक्चर आपोआप बुजवण्यासाठी टायरमध्ये घातलेले सीलंटचे द्रव्यही काढून टाका. ते एका जागी जमले की वेगात हँडल थरथरते.

काट्याचे एक लक्षात ठेवा: टोक आत मोडून राहते आणि हवा आठवड्याला तीन-चार पीएसआय अशी हळू जाते. दर आठवड्याला हवा मोजणाऱ्यालाच हे कळते.

टायरच्या कडेला न घासलेली पट्टी राहते. ती गेली पाहिजे का?

रस्त्यावर अजिबात नाही. तुळजापूर घाटात ती घालवण्यासाठी झुकणे हा जिवाशी खेळ आहे: समोरून एसटी, कडेला खडी आणि बाजूने पायी निघालेले भाविक. ट्रॅकवरही ती पट्टी कौशल्याचे माप नाही. अंग वळणाच्या आत नेणारा चांगला रायडर तेवढ्याच वेगात गाडी कमी झुकवतो आणि त्याची पट्टी जास्त उरते.

ट्रॅकपर्यंत गाडी चालवत न्यावी की पाठवावी?

चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आणि कोइमतूरचा करी स्पीडवे, दोन्ही सोलापुरापासून नऊशे किलोमीटरच्या घरात. जाऊन-येऊन अठराशे किलोमीटर सरळ हायवे आणि एक दिवस वळणे, म्हणजे मागच्या टायरचे मधले रबर प्रवासातच जाते आणि दमलेल्या शरीराने सकाळी ट्रॅकवर उतरावे लागते. सोलापूर मुंबई–चेन्नई रेल्वेमार्गावर आहे, त्यामुळे चेन्नईला गाडी रेल्वे पार्सलने पाठवणे सोयीचे. टाकी पूर्ण रिकामी लागते, आरसीची प्रत आणि ओळखपत्र लागते, पॅकिंग नीट करून घ्यावे लागते. तीन-चार जण मिळून जाणार असाल तर पिकअप भाड्याने घेणे परवडते. पुढचे चाक आडोशाला टेकवून दोन्ही बाजूंनी रॅचेट पट्ट्यांनी बांधा, पण फोर्क (पुढचे शॉक) पूर्ण दाबून बांधू नका. अठरा-वीस तास तसे राहिले की ऑइल सील गळू लागते.

चालवतच जायचे ठरले तर मागच्या टायरचे निम्म्याहून जास्त रबर शिल्लक असेल तरच निघा.

तपासणीत टायरबाबत काय पाहतात?

खाचांची खोली, भेगा, कट, प्लग, व्हॉल्व्हची टोपी, चाकाच्या बेअरिंगचा खेळ. टोपी धातूची, आत रबरी सील असलेली लावा. वेगात व्हॉल्व्हची पिन आत दाबली गेली तर हवा धरून ठेवणारी तीच असते. रिमवरची बॅलन्सिंगची वजने टेपने पक्की करा.

टायर कधी बदलायचा?

खाचेतल्या टीडब्ल्यूआयच्या (झिजेची मर्यादा दाखवणाऱ्या) उंचवट्यापाशी रबर आले की रस्त्यासाठीही संपला. ट्रॅकवर जाण्यासाठी आम्ही मध्ये २ मिलिमीटर तरी शिल्लक मागतो. चालवण्यावर अवलंबून मागचा स्पोर्ट टायर साधारण ८ ते १० हजार किलोमीटर देतो, स्पोर्ट टूरिंग १२ हजारांच्या पुढे. पुढचा बहुधा जास्त टिकतो, पण दोनदा मागचा बदलला की पुढचाही बदला. रबर कितीही असले तरी पाच वर्षांनंतर ट्रॅकवर नेऊ नका.

ट्रॅकची दुसरी जोडी घेतली तर ती कशी ठेवायची?

गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये नको. घरातल्या अंधाऱ्या, कोरड्या खोलीत, इन्व्हर्टर आणि मोटारींपासून लांब ठेवा, कारण त्यांच्या ठिणगीतून तयार होणारा ओझोन रबर चिरतो. रिमवर चढवलेले टायर निम्म्या हवेवर, सुटे टायर उभे. महिन्यातून एकदा थोडे फिरवा, म्हणजे एकाच जागी दबत नाहीत. टायर चमकवण्याचे पॉलिश लावू नका, सायकलच्या चेनचे तेल किंवा डिझेल लागू देऊ नका. ठेवण्याआधी नुसत्या पाण्याने धुऊन वाळवा आणि साइडवॉलवर खडूने लिहा: बसवल्याची तारीख, झालेली सत्रे, शेवटची थंड आणि गरम हवा. पुढच्या वेळी सुरुवात त्याच आकड्यांपासून करता येते.